घराजवळ फ्रॅकिंगचा अर्ज आला तर हरकत कशी लिहायची

२६ ऑगस्ट २०१९. सोमवार होता, बँक हॉलिडेची सुट्टी, म्हणून सगळे घरात. सकाळी साडेआठच्या सुमाराला मी ओट्याशी उभी होते. दारावरून जड ट्रक जावा तसा आवाज आला, फडताळातली भांडी वाजली आणि पायाखालची फरशी हलली. दोन-तीन सेकंद, बस. तेवढ्यात मी गॅस बंद करून लेकीचा दंड धरून अनवाणी अंगणात आले होते. नवरा आतून विचारत होता, "अगं, झालं काय?"

मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं असताना किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी बारा वर्षांची होते. आमचं माळवदाचं घर, दगडमातीच्या जाड भिंतींचं. आमची भिंत बाहेरच्या अंगाला पडली म्हणून आम्ही वाचलो. त्या पहाटे सुमारे दहा हजार माणसं गेली. जमीन हलली की आधी लेकराला धरायचं, मग विचार करायचा, हे माझ्या अंगात भिनलं आहे.

इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या फाइल्ड भागात, कर्कहॅमजवळ, मी २००९ पासून राहते. छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिण्याचं काम करते. त्या सकाळचा धक्का २.९ तीव्रतेचा होता. आमच्यापासून काही मैलांवर, प्रेस्टन न्यू रोडवर लिटल प्लम्प्टन गावाशी, दोन किलोमीटरहून खोल असलेल्या शेल खडकात गॅससाठी दाबाने पाणी सोडून खडक फोडला गेला होता. यालाच फ्रॅकिंग म्हणतात. पंप बंद झाल्यावर काही दिवसांनी हा धक्का आला. फ्रॅकिंगमुळे ब्रिटनमध्ये बसलेला हा सर्वांत मोठा धक्का. २ नोव्हेंबर २०१९ ला सरकारने इंग्लंडभर फ्रॅकिंग थांबवलं.

यॉर्कशायरमध्ये राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीच्या गावाजवळ गॅस विहिरीचा अर्ज येणार असं कळलं, तेव्हा तिने फोनवर विचारलं, "हरकत लिहायची म्हणजे नेमकं काय लिहायचं गं? मला नको आहे एवढंच लिहू का?" तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते. आमच्या भागात हा लढा वर्षानुवर्षं चालला आणि मी त्यात शिकत गेले. त्यातली पहिली शिकवण माझ्याच चुकीतून मिळाली.

२०१४ मध्ये फाइल्डमध्ये दोन जागांसाठी अर्ज आले, एक प्रेस्टन न्यू रोड आणि दुसरा रोझएकर वुड. मी रात्री जागून दोन पानी पत्र लिहिलं. आम्ही कर्ज काढून घर घेतलंय, घराची किंमत पडेल, कंपनीला फक्त नफा दिसतो, आम्हाला कुणी विचारलं नाही. सगळं खरं होतं, मनापासून होतं. शेजारच्या आजींनी वाचलं. सत्तरीच्या बाई, गावातल्या प्रत्येक नियोजन अर्जावर, म्हणजे जमिनीवर काही बांधायची-करायची परवानगी मागणाऱ्या अर्जावर, लक्ष ठेवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "यातलं एकही वाक्य कौन्सिलला निर्णयात लिहिता येणार नाही."

इथल्या नियोजन कायद्यात काही कारणं ग्राह्य धरतात आणि काही धरत नाहीत. घराची किंमत पडणं ग्राह्य नाही. कंपनी लोभी आहे हेही नाही. आवाज, रहदारी, रस्त्यावरची सुरक्षा, भूजल, पशुपक्षी, शेतजमीन, निसर्गदृश्य, रात्रीचा प्रकाश, जुन्या वास्तू, हवामानावरचा परिणाम ही कारणं ग्राह्य आहेत. पत्र लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक परिच्छेदाला एक प्रश्न विचारा: उद्या काउन्सिलरला, म्हणजे कौन्सिलच्या निवडून आलेल्या सदस्याला, हा अर्ज फेटाळायचा असेल, तर माझ्या या परिच्छेदातून त्याला कारण उचलता येईल का? येत नसेल तर तो परिच्छेद वहीत ठेवा, पत्रात नको.

पण त्याआधी अर्ज कुणाकडे आहे ते पाहा, कारण दारं एकापेक्षा जास्त आहेत. जमिनीखालचा गॅस शोधण्याचा परवाना राष्ट्रीय पातळीवर मिळतो आणि तिथे गावकऱ्यांना फारसं स्थान नाही. २०१५ च्या पायाभूत सुविधा कायद्याने तर ३०० मीटरपेक्षा खोल जमीन घरमालकाच्या परवानगीशिवाय वापरायची मुभा दिली. त्याआधीच्या सल्लामसलतीत आलेल्या जवळपास सगळ्या उत्तरांत याला विरोध होता, तरीही. विहिरीच्या सुरक्षेचं काम आरोग्य व सुरक्षा यंत्रणेकडे असतं. तुमचा शब्द चालतो तो मुख्यतः दोन ठिकाणी: काउंटी कौन्सिलच्या (आपल्या जिल्हा परिषदेसारखी) नियोजन विभागात आणि पाणी, कचरा, धूर यांचा परवाना देणाऱ्या पर्यावरण एजन्सीकडे. दोन्हीकडे वेगळं पत्र लिहा. आवाजाबद्दल कौन्सिलला, सांडपाण्याबद्दल एजन्सीला. एकच पत्र दोघांना पाठवलं तर प्रत्येकजण म्हणतो, हा विषय दुसऱ्याचा.

अर्जाची कागदपत्रं कौन्सिलच्या संकेतस्थळावर असतात, शेकडो पानं. घाबरू नका, सगळी वाचायची नसतात. मुदत मात्र आधी पाहा: साधारण २१ दिवस, पर्यावरण अहवाल जोडलेला असेल तर ३०. मी आधी रहदारीचा तक्ता उघडते, मग आवाजाचा, मग पाण्याचा. किती ट्रक, दिवसाला किती फेऱ्या, कुठल्या रस्त्याने, पहाटे की रात्री. ड्रिलिंग किती आठवडे चालणार, कारण ते रात्रंदिवस चालतं. पाणी कुठून आणणार आणि वापरलेलं कुठे नेणार. हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाणी, वाळू आणि पॉलिअ‍ॅक्रिलामाइडसारखं घर्षण कमी करणारं रसायन खाली जातं. वर परत येतं ते त्या खोल खडकातलं मीठ, धातू आणि नैसर्गिक किरणोत्सारी द्रव्य घेऊन. इथे त्याला किरणोत्सारी कचऱ्याचा वेगळा परवाना लागतो. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला पाण्याच्या हिशेबात फसवणं अवघड असतं. टाकीत किती, टँकरमध्ये किती, खेपा किती, हे आम्ही लहानपणापासून मोजत आलोय. तोच हिशेब इथे करा. अर्जात एका जागी लिहिलेलं पाणी आणि दुसऱ्या जागी लिहिलेल्या टँकरच्या फेऱ्या यांचा मेळ बसतो का ते पाहा. बसत नसेल तर पान क्रमांकासह लिहा. माझ्या दुसऱ्या पत्रातला हा भाग आजींनी दोनदा वाचला.

जी माहिती अर्जात नसेल ती मागा. पर्यावरणाची माहिती मिळवण्यासाठी इथे २००४ चे वेगळे नियम आहेत. साधा ईमेल पुरतो आणि साधारणपणे २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखंच. कुणाकडून, कधीपासून कधीपर्यंत आणि कोणते कागद हवे ते नेमकं लिहा. 'सर्व माहिती द्या' असं लिहिलं की नकार देणं सोपं जातं.

आता नोंदीबद्दल. याच भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवा.

रोझएकर वुडची जागा अरुंद गल्लीरस्त्यांच्या टोकाला आहे. दोन्हीकडे झुडपांच्या कुंपणभिंती, मध्ये एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट, त्यावर सायकलवाले, घोडेस्वार, पायी चालणारे, शेताचे ट्रॅक्टर. जे तिथे रोज जातात त्यांनाच ठाऊक असतं की कुठल्या वळणावर समोरचं दिसत नाही आणि कुठे ट्रक आला तर मागे घ्यायला जागा नाही. जून २०१५ मध्ये काउंटी कौन्सिलने रहदारीच्या कारणावरून हा अर्ज फेटाळला. कंपनी अपिलात गेली, पर्यायी मार्ग सुचवले, २०१८ मध्ये पुन्हा चौकशी झाली. शेवटी फेब्रुवारी २०१९ मध्ये मंत्र्यांनीही नकारच दिला, कारण तेच: रस्त्यावरची सुरक्षा. तिथे आजवर विहीर झाली नाही.

प्रेस्टन न्यू रोडचं तसं झालं नाही. त्याच जून महिन्यात, २९ तारखेला, कौन्सिलने आवाज आणि निसर्गदृश्य या कारणांवरून नकार दिला होता, तोही स्वतःच्या अधिकाऱ्यांची शिफारस बाजूला सारून. पण ६ ऑक्टोबर २०१६ ला तेव्हाचे मंत्री साजिद जाविद यांनी तो नकार उलटवला. आवाजाचा वाद डेसिबलच्या आकड्यांवर आला, आणि आकड्यांच्या वादात दोन्हीकडे तज्ज्ञ असतात. वळणावरच्या आंधळ्या कोपऱ्याला तज्ज्ञ लागत नाही, रोज जाणारा माणूस पुरतो. म्हणून तुमच्याकडे जे आहे आणि कंपनीकडे नाही ते लिहा: तुमचं रोजचं गाव.

एक साधी वही घ्या. वाण्याच्या दुकानातली, दोऱ्याने शिवलेली. तारीख, वेळ, जागा, काय पाहिलं. शाळेची बस कुठल्या थांब्यावर किती वाजता येते, तेव्हा रस्ता ओलांडणारी मुलं किती. पावसात कुठल्या खोलगट भागात पाणी साचतं. हे अर्ज मंजूर होण्याआधी करायचं असतं. काम सुरू झाल्यावरचा आवाज मोजलात पण आधीचा मोजलेला नसेल, तर तुलना कशाशी करणार? भूजलाचं तसंच. कायद्यानेच फ्रॅकिंगआधी १२ महिने भूजलातलं मिथेन मोजावं लागतं. ते मोजलं का, कुठल्या विहिरीत, हे विचारा. शेतावर स्वतःचं बोअर असेल तर पाण्याची तपासणी आजच करून घ्या आणि अहवाल जपून ठेवा.

धक्क्यांबाबतही हेच. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर, धक्का कुठे आणि कसा जाणवला हे कळवायचा फॉर्म असतो. तो लगेच भरा. १५ ऑक्टोबर २०१८ ला प्रेस्टन न्यू रोडवर फ्रॅकिंग सुरू झालं तेव्हा नियम होता की ०.५ तीव्रतेचा धक्का आला की पंप १८ तास थांबवायचे. ही मर्यादा फार कडक आहे, ती वाढवा, अशी मागणी झाली. ती वाढली नाही, आणि एकामागून एक नोंदी जमत गेल्या. याआधी २०११ मध्ये प्रीझ हॉलच्या विहिरीमुळे २.३ आणि १.५ चे धक्के बसले होते, तेव्हाही नोंदींमुळेच काम थांबलं होतं. मोर्चाने जे साधलं नाही ते भूकंपमापकाच्या कागदाने साधलं, असं मी म्हणणार नाही. मोर्चे नसते तर त्या कागदाकडे इतक्या लोकांनी डोळे लावून पाहिलं नसतं.

इथे किल्लारीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. २.९ च्या धक्क्यानंतर मला रात्रभर झोप नव्हती. मी पर्यावरण एजन्सीला पत्र लिहायला घेतलं आणि किल्लारीतली प्रेतं, ढिगारे, सगळं त्यात उतरवलं. सकाळी वाचलं आणि ती पानं काढून टाकली. किल्लारीचा भूकंप सहाहून अधिक तीव्रतेचा होता. तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा तीसपट वाढते; तीन अंकांच्या फरकात ती हजारो पटींनी मोठी. लँकेशायरमध्ये गाव गाडलं जाईल असं मी लिहिलं असतं, तर वाचणाऱ्याने ते खोडलं असतं आणि सोबत माझी खरी मोजमापंही खोडली असती. भीती खरी असते, पण पत्रात तिचा आकार वाढवू नका. मी शेवटी एवढंच लिहिलं: धक्का किती वाजता आला, किती सेकंद टिकला, घरात काय हललं, लेक त्यानंतर किती दिवस आमच्या खोलीत झोपली.

पत्र स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नावानिशी, पत्त्यासह लिहा. निनावी पत्र बहुधा बाजूला पडतं. छापील नमुन्यावर सही करून शंभर जणांनी पाठवलं तर त्यांची एकच गठडी बांधली जाते. शंभर जणांच्या अर्जापेक्षा दहा घरांची दहा वेगळी पत्रं मला जास्त मोलाची वाटतात. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत उतरवलं, सही त्यांनी देवनागरीत केली. हरकत नोंदवायला नागरिकत्व लागत नाही, व्हिसावर असाल तरीही लिहिता येतं.

आणखी एक, जे आपल्या बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, इथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय पासपोर्टधारकाला ब्रिटनमध्ये मतदान करता येतं, काउंटी कौन्सिलसाठीही आणि संसदेसाठीही. मतदार यादीत नाव घालायला काही मिनिटं लागतात. मी आठ वर्षं न घालता काढली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. ज्या काउन्सिलरच्या मताला इतकी किंमत आहे, त्याला निवडायचा हक्क माझ्याकडे होता.

काउन्सिलरना भेटा, जागा दाखवायला न्या. पण नियोजन समितीच्या सदस्याकडून 'मी विरोधात मत देईन' असं वदवून घेऊ नका. मन आधीच बंद करून मत दिलं असं दिसलं तर त्या निर्णयाला आव्हान देता येतं, आणि तोटा आपलाच. समितीच्या बैठकीत बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं आणि मोजकी मिनिटं मिळतात. गावाने विषय वाटून घ्यावे: एकाने रस्ता, एकाने पाणी, एकाने आवाज. जून २०१५ च्या बैठकीत काउन्सिलरांना कायदेशीर सल्ला मिळाला की नकार दिलात तर अपिलात टिकणार नाही. निर्णय पुढच्या सोमवारपर्यंत लांबला. मधल्या दिवसांत विरोधकांनी स्वतःच्या वकिलांकडून उलट मत मिळवलं आणि सदस्यांपर्यंत पोचवलं. म्हणून वकिलाची ओळख आधीच करून ठेवा, बैठकीच्या आदल्या रात्री नाही.

नकार मिळाला की कंपनीला अपिलासाठी सहा महिने असतात. मंजुरी मिळाली तर गावाला अपिलाचा हक्क नाही, फक्त उच्च न्यायालयात न्यायिक पुनर्विलोकन, म्हणजे निर्णय कायद्याला धरून झाला का एवढीच तपासणी, तेही सहा आठवड्यांत. पर्यावरणाच्या खटल्यात हरलात तर भरायच्या खर्चाला सहसा मर्यादा असते: व्यक्तीसाठी ५,००० पौंड, संस्थेसाठी १०,०००. कंपनीच्या अपिलावर जाहीर चौकशी बसली तर गावाच्या समितीने 'रूल ६ पक्ष' म्हणून नाव नोंदवावं, म्हणजे कंपनीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते. प्रेस्टन न्यू रोडच्या रहिवाशांनी २०१६ मध्ये ब्लॅकपूलच्या चौकशीत तसं केलं. आता हातात एक नवं साधनही आहे. २० जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सरीमधल्या हॉर्स हिल तेलविहिरीच्या खटल्यात ठरवलं की काढलेलं तेल पुढे जळल्यावर होणारं उत्सर्जनही पर्यावरण अहवालात धरलं पाहिजे. तुमच्या पत्रात एक ओळ हवीच: हा गॅस जाळल्यावरचं उत्सर्जन अहवालात मोजलं आहे का?

रस्त्याकडेला उभं राहण्याबद्दल थोडक्यात. फाटकासमोर पिवळी जाकिटं घालून आज्या उभ्या राहायच्या, त्यांना सगळे 'नाना' म्हणत, इथे आजीला तसं म्हणतात. बुधवारी बायका पांढरे कपडे घालून शांत उभ्या राहत. माझ्या पांढऱ्या सुती साडीवर कोट चढवून मीही गेले. काहींनी ट्रकवर चढून दिवस काढले. तिघांना सप्टेंबर २०१८ मध्ये तुरुंगवास झाला आणि पुढच्याच महिन्यात अपील न्यायालयाने ती शिक्षा अवाजवी कठोर ठरवून रद्द केली. तुम्ही व्हिसावर असाल तर अटकेचा अर्थ तुमच्यासाठी वेगळा आहे. आधी वकिलाला विचारा, न्यायालयाचा मनाई हुकूम लागू आहे का ते पाहा. रस्त्यावर न येता पत्र लिहिणाऱ्याला मी कधी कमी लेखलं नाही.

माझ्या भावाने औशाहून विचारलं, तिकडे असं झालं तर? भारतात २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी असते, ३० दिवस आधी जाहिरात देऊन. पण जानेवारी २०२० मध्ये तेल-वायूच्या शोधविहिरी त्यातून वगळल्या गेल्या. त्यामुळे तिथे ग्रामसभेचा ठराव आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडचं पत्र यांवरच जास्त भर द्यावा लागेल, हे मी त्याला सांगितलं.

मैत्रिणीला मी शेवटी सांगितलं ते घनमीटरबद्दल. २०२२ च्या सप्टेंबरात लिझ ट्रस सरकारने बंदी उठवली, महिन्याभरात ते सरकार गेलं आणि ऋषी सुनक यांनी ती परत लावली. तेव्हा बंदी आहे म्हणून निश्चिंत राहू नको. शिवाय कायद्यातल्या व्याख्येत फ्रॅकिंग म्हणजे टप्प्याला १,००० किंवा एकूण १०,००० घनमीटरहून जास्त द्रव. त्याहून कमी द्रवाचं काम वेगळ्या नावाने येतं. 'प्रॉपंट स्क्वीझ' (वाळूसारखे कण मिसळलेला द्रव दाबाने खडकात सोडणं) हा शब्द अर्जात शोध. नॉर्थ लिंकनशायरमध्ये रेसल इथे २०२१ मध्ये ते झालं आहे. तिने फोन ठेवला आणि तासाभराने निरोप आला: शब्द सापडला, रहदारी अहवालाच्या बाहेर, एका जोडपत्रात. मुदतीला अकरा दिवस उरले होते. मी वही पोस्टाने पाठवली, कोरी.